मागच्या दाराची चौकट

४ जानेवारी, रविवार

नवी वही सुरू. कागद बरा, पण आखणी भिकार! रेघांना मध्येच पोट सुटलंय. छापणाऱ्याकडे पट्टी नव्हती की लाज नव्हती, देव जाणे. कारखान्यात आमच्या तपासणी खात्यात असला माल आला असता तर फाटकातूनच परत गेला असता. ही म्हणते, "वहीसुद्धा नापास केलीत? आता लिहा मुकाट्यानं."

लिहितो.

आज आमच्या चित्र-फोटो मंडळात दहा जण होते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेहमीसारखे खिडक्या लावून बसलो, प्रोजेक्टरनं भिंतीवर एकेकाचा फोटो, एकेकाचं चित्र. नियम मीच घालून दिलेला, सहा वर्षं झाली — एक वाक्य चांगल्याचं, एक खटकलेल्याचं, एक उपायाचं. ज्याचं चित्र त्यानं मध्ये तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं ऐकून झालं की प्रत्येकाला एकच शब्द, 'घेतलं' नाहीतर 'सोडलं'. वाद नाही, रडगाणं नाही.

आज मला चार 'सोडलं' मिळाले. चार! चष्मेवाल्याच्या पुलाच्या फोटोला म्हटलं, कठडा वाकलाय, लेन्स हलकी आहे, बदला. म्हणे 'सोडलं'. दिवसभर दुसऱ्यांना चष्मे लावतो, आणि याला स्वतःचा कठडा दिसत नाही. आणि आमचे वाहवा मास्तर — शाळेत चित्रकला शिकवायचे, खरं नाव आता त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल — ते सगळ्यांना एकच पुडी देतात. "वाहवा! फारच छान!" त्यांचं मात्र सगळे घेतात. फुकटची साखर कोण सोडतो?

५ जानेवारी

मान आखडली. ही म्हणते, "काल घरी आलात तेव्हाच ताठ होती."

११ जानेवारी, रविवार

नवीन बाई आली. चौकातली बेकरी चालवते तीच. हातावर ट्रेचे चटके, जुने-नवे. कोपऱ्यात अंग चोरून बसली. टॅबवर बोटानं चित्रं काढते म्हणे, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. भाऊ घरी हसतो — "पीठ मळायचं सोडून काच चोळत बसते."

चित्र होतं बेकरीच्या मागच्या दाराचं. पहाट. दार अर्धं उघडं, आतून भट्टीचा उजेड पायरीवर सांडलेला. बाहेर रिकामे ट्रे रचलेले. आणि खिळ्याला एक एप्रन, ज्याचा माणूस आता कामाला येत नाही हे न सांगता कळावं असा. खरं लिहितो — इतक्या वर्षांत या भिंतीवर असलं काही आलं नव्हतं.

पण चौकट! डावीकडची उभी रेघ नेमकी मध्ये फुगलेली.

मी म्हटलं, "एक — उजेड खरा आहे, हात शेकावेत असा. दोन — चौकट मध्ये डावीकडे फुगलीय, त्यानं घर ढासळतंय असं वाटतं. तीन — तेवढी रेघ आत घ्या." मास्तर उगाच खाकरले. ती भिंतीकडे बघत राहिली, बराच वेळ. मग मला म्हणाली, "घेतलं."

घेतलं!

जिन्यात थांबली होती. "काका, दार वडिलांनी स्वतः बसवलंय. आता ते अंथरुणावरच असतात. त्यांना दाखवायचंय, पण चुकलेलं नको." मी म्हटलं, चुकलेलं जाणार नाही, मी आहे ना. घरी येईपर्यंत पाय हलके होते.

१४ जानेवारी

हिनं विचारलं, आज शिट्टी कसली वाजवताय? कसली नाही म्हटलं. माणसानं घरात शिट्टीही वाजवू नये का?

१८ जानेवारी, रविवार

चौकट सुधारून आणली. बरीच आत घेतलीय, तरी फुगवटा राहिलाच. मी सांगितलं, अजून हवी. चष्मेवाल्याची बारी होऊन गेली होती, तरी यानं हात वर केला — "अहो, पण मला विचाराल तर..." मी म्हटलं, एका चित्राला एक बारी. नियम म्हणजे नियम. बसला खाली.

ती म्हणाली, "घेतलं."

२५ जानेवारी, रविवार

जमलं! आज चौकट सुतासारखी सरळ. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, आता याला हात लावू नका.

आणि बाकीचे? एक शब्द नाही. मास्तरांच्या तोंडून आज 'वाहवा'सुद्धा निघालं नाही! नुसते छताकडे बघत होते. पोटदुखी, दुसरं काय? यांच्या साखरेनं सहा वर्षांत एक माणूस सुधारला नाही, आणि माझ्या तीन रविवारांत एक चित्र उभं राहिलं.

जिन्यात ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला घरी ते वाकडंच दिसतं. पण तुमची नजर तयार. तीस वर्षं तुम्ही तेच केलंय. माझीच कच्ची." मी सांगितलं, होईल तयार, वेळ लागतो. मग विचारलं तिनं, पहिलं चित्र राहू देऊ का टॅबमध्ये? मी म्हटलं, मुळीच नको! नापास माल जपून ठेवला की तो कधीतरी पास मालात मिसळतो. आम्ही त्याच दिवशी भंगारात टाकायचो. तिनं माझ्यासमोर, तिथंच पायरीवर उभ्या उभ्या पुसून टाकलं.

शिष्य असावा तर असा.

१ फेब्रुवारी, रविवार

आज माझी बारी. हिचा फोटो लावला होता, खिडकीशी बसून पत्र वाचतानाचा. चष्मेवाला बोलला, माझ्याच नियमानं, बोटं मोजत. "एक — तुम्ही वाट बघता, घाई करत नाही. दोन — फोकस चेहऱ्यावर नाही, मागच्या पडद्यावर आहे, आणि हे गेल्या तीन फोटोंत आहे. तीन — दुकानात या एकदा. डोळे बघू."

डोळे! माझे! ज्या डोळ्यांनी केसाएवढा फरक पकडला, ज्यांच्या भीतीनं कारागीर माल दोनदा पुसून आणायचे! मला तोंड उघडता येईना, नियम माझाच. बसलो दात आवळून. शेवटी म्हटलं — "सोडलं." आणि मनात म्हटलं, दुकानाची जाहिरात करायला भिंतीबाहेर जागा पुष्कळ आहे.

घरी हिला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल माझ्या बाजूनं. तर भाजी निवडता निवडता म्हणते, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तुम्हाला. जाऊन या की! मुसळ निघालं तर चुलीला होईल." हसली वर. मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

८ फेब्रुवारी, रविवार

पुढच्या रविवारी खालच्या दालनात प्रदर्शन. प्रत्येक सभासदानं एकच चित्र सुचवायचं, स्वतःचं नाहीतर दुसऱ्याचं. सगळ्यांनी आपापलं सुचवलं. मी तिचं सुचवलं! माझा फोटो घरी. चष्मेवाल्यानं मला बाजूला घेतलं, "तुमचं तुम्ही काहीही लावा हो, पण त्या पोरीचं पुन्हा एकदा..." मी ऐकून घेतलं नाही. ज्याला कठडा दिसत नाही त्यानं मला चौकट शिकवावी!

तिनं भावाला कबूल करायला लावलंय, वडिलांना चाकाच्या खुर्चीतून आणायचं. नवीन साडी घेणार म्हणाली.

१२ फेब्रुवारी

या वहीचा काय चावटपणा आहे कळत नाही. ज्या ओळीवर नजर ठेवावी तीच वाकते. बाजूच्या बघाव्यात तर त्या वाकतात. दुकानदाराकडे घेऊन गेलो. तो म्हणतो, "आजोबा, चांगली तर आहे." आजोबा! वही आपटून आलो. मग परत जाऊन घेऊन आलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दालन भरलेलं. तिचं चित्र दाराच्या समोरच, चांगल्या जागी, मीच भांडून मिळवलेली. मी आधीच जाऊन उभा होतो. अकराला भाऊ खुर्ची ढकलत आला. म्हातारा वाळलेला, पण केस विंचरलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. ती पुढे, नव्या साडीत, वळून वळून बघत.

म्हाताऱ्यानं खुर्ची अगदी जवळ न्यायला लावली. एप्रनवर बोट ठेवलं. हसला. मग बोट चौकटीवर नेलं आणि वरून खाली फिरवलं, सावकाश. मध्ये थांबलं बोट. तो म्हणाला —

"हे आपलं दार नव्हे गं."

ती म्हणाली, "आपलंच आहे, बाबा."

"मी ओळंब्याची दोरी सोडून बसवलं होतं. दोन दिवस लागले होते. असं नव्हतं ते." आणि मग, हळूच, जणू तिलाच वाईट वाटू नये म्हणून, "उजेड छान आहे."

मागून कुणीतरी बोललं, "भूकंपाचं चित्र आहे का?" दोघं-तिघं हसले. भाऊ तर खो खो. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघायला हवं होतं. ती वाट बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून.

आणि मी ओरडलो! "अख्ख्या दालनात हे एकच चित्र सरळ आहे! बाकी सगळी वाकडी आहेत, तुम्हाला दिसत कसं नाही?"

आता कुणी हसेना. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जसे रस्त्यात पडलेल्या माणसाकडे बघतात. चष्मेवाल्यानं कोपर धरलं, खिशात एक कागद कोंबला — "घरी बघा. एक डोळा झाकून." मी त्याचा हात झटकला.

तिनं चित्र स्वतः उतरवलं. मी म्हटलं, पहिलं असेल ना कुठं, एखादी प्रत? ती म्हणाली, "काका, तुम्हीच पुसायला सांगितलं होतंत." एवढंच. चित्र छातीशी धरून गेली, मागचा भाग बाहेर करून.

सगळे एक झालेत. मास्तरांनीच म्हाताऱ्याला पढवलं असेल. सहा वर्षांचं उट्टं काढलं एका दिवसात. जाऊ दे मंडळ खड्ड्यात!

१६ फेब्रुवारी

म्हाताऱ्याला कोण कशाला पढवेल.

१८ फेब्रुवारी

पाव आणायला ही गेली. मी नाही गेलो. आल्यावर म्हणाली, "ती विचारत होती — काका बरे आहेत ना?" मी विचारलं, अजून काय म्हणाली? "काही नाही. सुटे नव्हते तिच्याकडे."

टॅब दिसला का म्हटलं. नाही दिसला.

१९ फेब्रुवारी

धुवायला टाकताना हिला पँटच्या खिशात तो कागद सापडला. नुसते चौकोन आखलेले, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. म्हटलं, हाही वाकडा छापलाय. ही आत जाऊन कपाटातून माझी पट्टी घेऊन आली — खात्यातली, पोलादी, निवृत्तीच्या दिवशी मागून घेतलेली. कागदावर ठेवली माझ्यासमोर.

पट्टीलाही पोट आहे.

ही पट्टी वाकत नाही. तीस वर्षं मी सगळं याच पट्टीवर पारखलंय. चष्मेवाल्याला हिच्याकडून फोन करवला, म्हटलं त्याला एकच शब्द सांग — घेतलं.

तिचं दार पहिल्याच रविवारी सरळ होतं.