सीआरपी अठ्ठेचाळीस

३ मार्च
हे गेले त्याला चाळीस दिवस झाले. आजपासून रडणं बंद, अभ्यास सुरू.
ह्यांची हॉस्पिटलची फाइल काढली. दाखल केलं त्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये एका आकड्याखाली पेनाची रेघ: सीआरपी ४८. शरीरात सूज असली की हा वाढतो. लायब्ररीतल्या पुस्तकात लिहिलंय, हार्ट अटॅकच्या पेशंटमध्ये हा जास्त, तर धोका जास्त. म्हणजे पहिल्याच दिवशी कळत होतं. डॉक्टरांनी लक्षच दिलं नाही. सापडले!
फाइल जमिनीवरच ठेवली. ह्यांनी माझ्या पुस्तकांसाठी लावलेली फळी डुगडुगते.

६ मार्च
सकाळी थोडी रडले. ते धरायचं नाही.
नणंदबाई आल्या. म्हणाल्या, वहिनी, सातवीत शाळा सोडलीत, आणि आता हार्टच्या डॉक्टरला नापास करणार? मी म्हटलं, करणार. त्यांनी चहा केला. साखर विसरल्या. हल्ली त्याही विसरतात.

१० मार्च
अभ्यासात तुलना लागते, म्हणून स्वतःचं रक्त तपासून घेतलं. आकडा दोन. लॅबमधली मुलगी म्हणाली, मावशी, एकदम ठणठणीत, कुठेच सूज नाही.
मशीन बिघडलेलं असणार.

१४ मार्च
डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार. सतरा. आवाज चढवायचा नाही. पाणी दिलं तर घ्यायचं नाही.

१७ मार्च, दुपार
पाणी घेतलं.
डॉक्टरांनी फाइल नीट पाहिली. म्हणाले, काकू, ही रेघ मीच मारलीय. पण हा आकडा अटॅक आल्याबरोबर वाढत नाही. इतका चढायला जवळजवळ एक दिवस जातो. दुखायला कधी लागलं होतं?
मी ठणकावून सांगितलं, त्याच सकाळी दहाला. अकराला तुमच्या दारात होतो.
म्हणाले, आदल्या दिवशी काहीच नाही?
मी म्हटलं, काही नाही. फळी लावून डावा खांदा भरून आला होता, तेवढंच.
 डॉक्टरांनी फाइल हळूच मिटली.
सोळा प्रश्न राहिले.

१८ मार्च
डॉक्टर चुकताहेत. भिंतीला भोकं पाडल्यावर खांदा दुखणारच. ड्रिल केवढं जड! उद्या स्वतः चालवून बघायचं, म्हणजे पुरावाच झाला.

१९ मार्च
चालवलं. उजवा हात भरून आला. डाव्याला काही नाही.
हेही सगळं उजव्या हातानेच करायचे.
फळी जवळून पाहिली. तीन स्क्रू पक्के बसलेत. चौथा अर्धाच. तो फिरवताना ह्यांना घाम फुटला होता. मी पुस्तकातून मान वर केली, खांद्याला बाम चोळून दिला, आणि म्हटलं, राहू द्या आता, उद्या करा.