एकविसाच्या तीस मांडण्या

मी, निवृत्त गणित शिक्षिका, वय बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शाळेआधी मी कॉलेजात शिकवायची; तिथल्या आमच्या गणिताच्या विभागप्रमुखांकडे तसा दाखला कधी कोणी मागितला नाही.

१. राहत्या दोन्ही खोल्या आणि बँकेतील ठेव माझ्या नवऱ्याला. तो कॉलेजच्या छापखान्यात छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायचा; शिक्षण सातवी. माहेरच्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, म्हणून कारण लिहून ठेवते.

विभागप्रमुखांनी एक सूत्र काढले होते. एखादी संख्या फक्त मूळ संख्यांच्या बेरजेने किती प्रकारे मांडता येते? सात ही तीन प्रकारे: नुसते सात; पाच अधिक दोन; तीन अधिक दोन अधिक दोन. प्रत्येक संख्येची अशी मोजणी एका अनंत गुणाकारातून निघते. सरांचा दावा, तो गुणाकार न करता त्यांची सुटसुटीत बेरीजही प्रत्येक संख्येसाठी तोच आकडा देते. वीसपर्यंत दोन्ही बाजू जुळल्या आणि सरांनी हार घालून घेतले. एकविसाला सूत्र एकतीस सांगत होते. मी हाताने मोजले. तीस.

"एखादी सुटली असेल, बाई. पुन्हा मोजा," सर म्हणाले. स्वतः मोजले नाही. मोजणे हलक्या लोकांचे काम.

माझा धाकटा भाऊ त्याच विभागात. तो चष्मा पुसत राहिला.

सरांचा लेख कॉलेजच्या छापखान्यात गेला. माझ्या या नवऱ्याने, तेव्हा तो माझा कोणी नव्हता, माझ्या मोजणीचा कागद मागून घेतला, दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत एकेक मांडणी खिळ्यांत जुळवली आणि सरांना तोंडावर म्हणाला, "एकतिसावी सापडत नाही. सापडेपर्यंत 'प्रत्येक संख्येसाठी' हे शब्द मी जुळवणार नाही."

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. माझी रवानगी शाळेत झाली. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न केले. दोन वर्षांनी सरांनी सूत्र मागे घेतले. कारण दिले, "छपाईतील दोष".

२. पुस्तके रद्दीत. सरांची आधी.

३. माझ्या शोकसभेत बोलायचा मोह सरांना आवरणार नाही. त्यांनी एक ते वीस अंक म्हणावेत आणि खाली बसावे. तिथपर्यंत ते चुकत नाहीत.

४. भाऊ गेल्या मंगळवारी आला. खोल्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "ताई, तेव्हा मीही मोजलं होतं. तीसच आले."

"मग मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"नोकरीत कायम व्हायचं होतं गं मला."

कायम झाला, पुढे विभागप्रमुखही झाला. इतकी वर्षे मी त्याला मठ्ठ समजत होते आणि मठ्ठ म्हणून माफ करत होते. ती माफी या कलमाने परत घेते. त्याला एक कोरा कागद द्यावा. त्यावर एकतिसावी मांडणी लिहून दाखवली, तर दोन्ही खोल्या त्याच्या.

वरील मजकूर तीनदा वाचला. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सही केली.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारचा शिंपी (सही)
लिहून देणार: गणिताच्या बाई (सही)
स्थळ: राहते घर. दिनांक: ९ फेब्रुवारी.