वृंदाच्या हिरड्यांचं रक्त

कार्तिक व. ८
वृंदाचे खालचे पुढचे दोन दात हलतात. पेरूची फोड तोंडाशी नेऊन तशीच ताटात ठेवली, म्हणून विचारलं. सूनबाई चौतिसाची, आणि दात माझ्याआधी हलले. हिरडी पाहिली. लाली नाही, सूज नाही, रक्त नाही. मग हलतात कसे?

व. ९
दवाखाना. डॉ. तरुण मुलगी, इथलीच, हिंदी बोलणारी. पूर्वी रक्त यायचं का, विचारलं. वृं. म्हणाली, बाळंतपणानंतर यायचं, मग आईंनी मशेरी दिली, थांबलं. सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. डॉ.नी माझ्याकडे पाहिलं.
"अम्मा, बीमारी तो तब भी थी। तंबाकू से खून रुक गया, तो किसी को दिखी नहीं।"
मग नीट समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, शिपायांसारख्या. दाताच्या मुळाशी घाण साचली की त्या रक्तवाहिनीतून बाहेर पडतात, हिरडीतून वाट काढत तिथवर जातात. हिरडी लाल होते, फुगते, रक्त येतं, ते या धावपळीत. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, शिपाई गुंगतात, वाट चुकतात. घाण खाली उतरत जाते. जे पोचतात ते भलतीकडेच हत्यार चालवतात, आपलंच हाड झिजतं. फोटोत दाखवलं. दोन दातांखाली हाड अर्धंच.
मी मॅट्रिक. तरी एवढं कळलं.

व. १०
जपाला बसले, मणी नुसते सरकले.
चार वर्षं झाली. हिने चूळ भरली की मोरीत लाल. तोंडात रक्त असताना सोवळ्यात नैवेद्याला हात लावू नकोस, असं मीच म्हटलं. दोन महिने देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसायची, डोळे पुसायची. मग मीच तव्यावर भाजलेली माझी मशेरी पुढे केली. दाताच्या डॉ.कडे न्यावं असं आलं होतं मनात. पण घरात औषध असताना खर्च कशाला. पहिल्या दिवशी तिला चक्कर आली, उलटी झाली. म्हटलं, होईल सवय. झाली.
पंधरा दिवसांत रक्त बंद. दूधविनायकाला एकवीस मोदक केले त्याचे.

मार्गशीर्ष शु. १
अनंताला कळलं. बायकोवर तोंड सोडलं त्याने. शिकलेली, आणि ही घाणेरडी सवय लावून घेतलीस, आता बस बोळकं घेऊन. वृं. मेथी निवडत राहिली. माझं नाव घेतलं नाही. मीही पोळ्या लाटत राहिले. माझा मुलगा, त्याच्या तोंडी माझीच जीभ, आणि...

शु. २
सांगितलं. तो बूट घालत होता. "मशेरी मी दिली तिला. तिने मागितली नव्हती."
हे पेपरामागून म्हणाले, "सासूने सुनेला सोन्याचा डाग द्यावा, तर हिने डबी दिली." नेहमीची थट्टा, आज लागली. अनंत दुसरा बूट घालून निघून गेला. संध्याकाळी तिच्यासाठी मऊ रसमलाई आणली. माझ्याशी अजून मोजकंच बोलतो.

शु. ११
एकादशी. वृं.च्या हिरड्या साफ करून झाल्या, दोनदा जावं लागलं. मशेरी सुटली तर दात राहतील बहुतेक, नाहीतर काढायचे. आठ दिवस झाले दोघींनी सोडून. वृं.चं डोकं ठणकतं, पोरावर खेकसते. सोडल्यावर रक्त पुन्हा येईल, घाबरू नका, म्हणाली आहे डॉ. माझा हात सकाळी आपोआप कोनाड्यातल्या डबीकडे जातो.

व. ३
वृं.च्या ब्रशला रक्त. हाक मारून दाखवलं. बेसिनमध्ये गुलाबी पाणी, आम्ही दोघी बघत उभ्या. मी हात जोडले.
"आई, तुमच्या येतं?"
नाही म्हटलं. मोबाइलचा दिवा लावून म्हणाली, तोंड उघडा बघू. उघडलं. वास आलाच असणार.
"आज घासलीत?"
"परवापासून."
रागावली असती तर बरं. खाली बसली. म्हणाली, "डबी घरात असली की मला कळतं आई. हात जातो माझा. काल एकदा उघडून परत ठेवली."
डबी घेऊन तडक भोसले घाटावर गेले. शेवटच्या पायरीवर आल्यावर सुचलं, गंगेत तंबाखू कसा टाकायचा? तशीच परत. कचऱ्याची गाडी आता उद्या सकाळी. दातांच्या डॉ.ची तारीख परवा. डबी पदराला बांधली आहे. पदर सारखा हाताला लागतो.