उजव्या चाकाचा ब्रेक

स्कारविक, ४ मे १९८७

ती. आयलर्टदादास,
बोर्गहिलचा सा. न. वि. वि.

अर्धांगाचा झटका आल्यापासून तुझी वाचा गेली. फोनवर मी एकटीच बडबडते आणि तू नुसता श्वास घेतोस, त्यापेक्षा पत्र बरं. तुझं डाव्या हाताचं अक्षर आता लागतं मला.

तू इथे ठेवून गेलेली तुझी गाडी रुसलीय. किल्ली फिरवली की नुसतं टक् होतं, पुढे काही नाही. परवा चुकून चालू झाली, तर ब्रेकचं पॅडल पार खाली गेलं आणि गाडी डावीकडे ओढत शेजारच्या तोर्दिसच्या कुंपणाला टेकली. ती खिडकीतून म्हणाली, एवढी आठवण आली होती तर दारानं यायचं की! होडीवाला हाल्वर म्हणतो, म्हातारी झाली, भंगारात दे. मी म्हटलं, दादाला विचारते.

लोभ ठेव. कुंपणाचा राग आला तरी उत्तर पाठव.
तुझी बोर्गहिल

ट्रोम्सो, ९ मे

चि. बोर्गहिल हिस,
अनेक आशीर्वाद.

भंगारात हाल्वरच्या होडीचं इंजिन जाईल, माझी गाडी नाही. उगाच का एवढी वर्षं गॅरेज चालवलं?

पुढचे दिवे लाव आणि किल्ली फिरव. दिवे मंदावले तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टोकांवर थर चढलाय. लख्ख राहिले तर दुखणं स्टार्टरकडे, मग पुढचं सांगतो. थर असेल तर आधी वजा खुणेची तार सोडव, मग दुसरी. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं टोकं धू, पूस, घास आणि तारा घट्ट बसव.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. गाडी डावीकडे ओढते म्हणजे उजवं चाक ब्रेक धरत नाही. त्याची आतली बाजू ओली आहे का बघ. तोवर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. आणि तुला गाडी हवीय कशाला? दुकान चार पावलांवर, चालवण्याचा तर तुला पहिल्यापासून कंटाळा.

माया आहेच, पुरवून वापर.
आयलर्ट

स्कारविक, १४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवे पार विझल्यासारखे झाले! टोकांवर पांढरा-हिरवा थर होता. धुतलं, घासलं, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू. तोर्दिस टाळ्या वाजवत आली. मी रडले, पण हे कुणाला सांगू नकोस.

उजवं चाक आतून ओलं आहे. ब्रेकच्या रबरी नळीला भेग पडलीय. हाल्वर म्हणतो, वरून ब्रेकचं तेल ओत आणि नीघ, फेरीबोट खिंडीपलीकडेच तर आहे. मी जवळजवळ तयारही झाले होते.

कशाला हवी विचारलंस ना? तुला आणायला. तुमच्या इस्पितळातल्या नर्सबाई फोनवर म्हणाल्या, घरी बघणारं कुणी असेल तर खुशाल न्या.

लोभ आहे तितका राहू दे.
बोर्गहिल

ट्रोम्सो, १९ मे

चि. बोर्गहिल,

आशीर्वाद नंतर, आधी ओरडा. तेल ओतून निघालीस तर खिंडीच्या उतारावर पॅडल तळाला टेकेल आणि धक्क्यावरून थेट समुद्रात जाशील. हाल्वरला म्हणावं, असली अक्कल स्वतःपुरती ठेव.

आणि मला न्यायला यायचं नाही. सूप पिताना अर्धं हनुवटीवरून ओघळतं. आईचं अंथरुणातलं सगळं तूच केलंस, आता आणखी एक म्हातारा गळ्यात घेऊ नकोस. गाडी विकून टाक.

पण विकायची तरी त्या नळीसकट नाही. नवी नळी हाल्वरकडून बसवून घे. मग तोर्दिसला आत बसव. तिनं पॅडल दाबून धरलं की तू चाकामागचा छोटा नट सैल कर, हवेचे बुडबुडे बाहेर येतील. नट आवळल्यावरच तिनं पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. इंजिनाजवळची ब्रेकच्या तेलाची डबी भरलेली ठेव, आणि रंगावर तेल सांडू नकोस, रंग उडतो.

समजून घे. राग धरलास तरी थोडाच धर.
आयलर्ट

स्कारविक, २७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं झालं. हाल्वरनं नळी बदलली, कुरकुरत का होईना. मी गाडीखाली, तोर्दिस पॅडलवर. तिनं मध्येच पाय उचलला, हवा परत आत गेली. मी खालून तिला काय काय म्हटलं ते पाद्रीबाबांनी ऐकलं नाही म्हणजे मिळवली! पुन्हा पहिल्यापासून केलं. आता पॅडल घट्ट आहे. आधी अंगणात, मग चर्चमागच्या उतारावर हळूहळू करून पाहिलं. गाडी सरळ थांबते.

विकणार नाही. आईचं केलं म्हणून मी दमले असं तुला वाटतं. दादा, ती गेल्यापासून मी एकटीचं ताट मांडते आणि रेडिओशी भांडते. तुझ्यावर उपकार करत नाहीये मी. मला घरात माणूस हवंय. सूप सांडलं तर सांडू दे, फडकं आहे.

पलंग खालच्या खोलीत आणलाय, तुला जिना चढायला नको. येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी निघते. नको म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण.

तुझ्या होकाराच्या आशेत,
बोर्गहिल

ट्रोम्सो, १ जून

चि. बोर्गहिल हिस,
अनेक आशीर्वाद, या खेपेला अगदी सुरुवातीलाच.

तुझं पत्र नर्सबाईंना वाचायला दिलं. त्या म्हणाल्या, बहीण हट्टी दिसते. मी पाटीवर लिहिलं, माझ्यावर गेलीय. मग त्यांनी कपाटावरची माझी बॅग खाली काढून दिली. मी नको म्हणून मान हलवली नाही.

खिंड उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेव. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, तो तापतो. येताना मी तुझ्या शेजारी बसेन. वळणं येतील, तू चुकशील, आणि मला ओरडता येणार नाही. मी शेजारी असताना आयुष्यात पहिल्यांदा तुला शांतपणे गाडी चालवता येईल.

ये.
तुझा दादा