तोटीवरची माळ

आप्पा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी गिरणीचा भोंगा झाला की आधी तुमचाच आवाज कानात येतो, "पाणी सोडलंस का रं?"

जुन्या इंजिनाची वापरलेली वाफ छपरातून वर निघून जायची. भरलं ताट उकिरड्यावर ओतावं तसे तुम्ही हळहळायचात. मग नवं यंत्र आलं. वाफ आधी वीज करणार आणि तीच पुढं नळातून रंगखात्यात जाऊन रंगाच्या कढया उकळणार. "एका वाफेत दोन कामं, लई झकास की!" तुम्ही भेटेल त्याला सांगत सुटलात. बॉयलरवर तुम्ही, नळावर मी. दोन पोरांचा बाप झालो होतो, तरी तुमच्या लेखी अर्धवटच. "नवा नळ जुन्यागत गळत न्हाय," तुम्ही बजावलंत. "थंड झाला की आत पाणी साठतंय. वाफ सोडायच्या आदी खालची तोटी उघडून ते पाणी सोडायचं. पाण्यावर वाफ आदळली तर नळ फुटंल."

खांडेनवमीला बॉयलर विझवून पूजा केली. तोटीला झेंडूची माळ मीच गुंडाळली, हौसेनं, चांगली घट्ट. दसऱ्यानंतर कामाची पहिली सकाळ. तोटी फिरवायची तर माळ तोडावी लागणार, आणि फुलं अजून टवटवीत. पूजेची माळ तोडायला हात धजेना. जुन्या नळाचे कुठं एवढे लाड करत होतो, म्हटलं. तेवढ्यात तुम्ही वरून ओरडलात, "पाणी सोडलंस का रं?"

"व्हय," मी म्हणालो. तुम्ही झडप फिरवलीत आणि नळ तुमच्या अंगावर फुटला.

दवाखान्यात तुम्ही भाजल्या अंगानं केळीच्या पानांवर पडला आहात. बाहेर साहेब सांगतोय, म्हाताऱ्याला नवं यंत्र झेपलं नाही. तुम्ही मला जवळ बोलावता. "खरं सांग, सोडलं हुतंस?" मी पुन्हा व्हय म्हणतो. "मग झडप फिरवताना माजाच हात घाईला आला," तुम्ही म्हणता आणि तोंड भिंतीकडे वळवता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

पुढं तुमच्या जागेवर मलाच घेतलं. नव्या माणसाला मी तुमच्याच शब्दांत बजावतो आणि घाई केली की काय होतं, हे तुमचं नाव घेऊन सांगतो. सांगताना माझी मलाच शिसारी येते, तरी सांगतो.

हा कागद आता भट्टीत जाईल. आप्पा, घाई तुम्ही केली नव्हती. मी तोटीला हातच लावला नव्हता. पण आज तुम्ही समोर येऊन पुन्हा विचारलंत, तर माझ्या तोंडून 'व्हय'च निघेल.