धाकट्याने आधी बोलायचं

सर, गेल्या आठवड्यात कॉलेजात तुमचा फोटो लावला. मलाही बोलावलं होतं, पण बोलायला नव्हे, पाहुण्यांना गुच्छ द्यायला. मुलींच्या शाळेतून पेन्शनीत निघालेली ड्रॉइंगची बाई हाती फुलं घेऊन उभी केली की स्त्रियांचाही मान राखल्यासारखा होतो. अध्यक्ष म्हणाले, संत्र्याच्या झाडांवरचा रोग तुम्ही एकट्याने, ज्ञानाच्या दिव्याच्या उजेडात शोधून काढलात. दिवा रॉकेलचा होता आणि त्याची काच मी पुसत असे. पण त्यांचा मला राग आला नाही, ते तेव्हा पाळण्यात असतील. राग तुमचा आला, आणि तो काही आजचा नाही.

कॉलेजातल्या तुमच्या वनस्पतिशास्त्राच्या खोलीत मी आले ती चित्रं काढायला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला गुलाब आणि लिली काढायला शिकवलं होतं, आणि तुम्हाला मायक्रोस्कोपखालची मुळं हुबेहूब काढणारं कुणीतरी हवं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या कागदावर बोट ठेवता. "ही डावी बाजू तुम्ही पाहिलीत?" मी म्हणते, "नाही, पण उजवीसारखीच असणार ना." "असणार ते देवघरात. इथे जे दिसलं नाही तिथे कागद कोरा सोडा." त्या संध्याकाळी मी आईपाशी तुम्हाला खडूस, शिष्ट, काय काय म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र कागद कोरा सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी खरं काढलंय.

मग शनिवार सुरू झाले. लांब टेबलाशी तुम्ही, केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर, ज्यांची बाग वाळत चालली होती ते काटोलकडचे बागाईतदार, आणि मी. आठवडाभर ज्याने जे पाहिलं ते सांगायचं. नियम तुमचाच, की सर्वांत धाकट्याने आधी बोलायचं. मोठा आधी बोलला की धाकट्याला मोठ्याचंच दिसायला लागतं, असं तुम्ही म्हणत होता. एकाला दिसतं तो नुसता अंदाज, चौघांनी भांडून जे उरेल ते आपलं. आणि आम्ही भांडत होतो. बागाईतदारांना तर स्पिरिटच्या वासाने शिंका येत. "मास्तर, झाड माझं मरून राहिलं अन् ह्या बाई त्याची तसबीर काढून राहिल्या. हार केव्हा घालता तिले?" डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, "आधी बारसं होऊ द्या, रोगाला अजून नाव कुठे आहे?" सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसलात. मी वयाने धाकटी, म्हणून दर शनिवारी पहिली मी. माझ्या घरात मला भाजीत मीठ किती हेही कुणी विचारत नव्हतं.

मग एका शनिवारी शेतकी खात्याचे गोरे साहेब आले. पुढच्या वर्षीचं काम मंजूर करणं त्यांच्या हातात होतं. रोग बुरशीचा आहे आणि मोरचूद फवारला की जाईल, हे ते येतानाच ठरवून आले होते. मी आठवडाभर ओली मुळं पाहिली होती. जी झाडं नुकती शेंड्याकडून वाळायला लागली होती त्यांची बारीक मुळं काळी, लिबलिबीत झालेली, पण त्यांत बुरशीचा एकही धागा नव्हता. धागे होते ते केव्हाच मेलेल्या मुळांत. म्हणजे मूळ आधी पाण्याने कुजत होतं, आणि बुरशी मागून येत होती. मी कागद पुढे करते, आणि तुम्ही आधी बोलता. साहेबांचंच म्हणणं, तुमच्या सुंदर इंग्रजीत. डेमॉन्स्ट्रेटर टेबलाकडे पाहतात. बागाईतदार माझ्याकडे वळतात, "बाई, तुमी काहून चूप? तुमाले काय दिसलं?" म्हणून मी सांगितलं, इंग्रजीत, साहेबांनाही कळेल असं. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही हसून म्हणालात, "या आमच्याकडे चित्रं काढतात."

तुम्ही मला चूक म्हणाला असता तर मी रात्रभर भांडले असते. चूक म्हणायलाही माणूस टेबलाशी बसलेलं असावं लागतं. तुम्ही मला एका वाक्यात खुर्चीवरून उठवलंत.

अहवाल गेला, मंजुरी आली आणि शनिवार बंद झाले. मी शाळेत नोकरी धरली. तापाच्या साथीत तुम्ही गेल्याचं मला भाजीवाल्याकडून कळलं. पुढे बागाईतदारांनी माझं ऐकून बागेच्या अर्ध्या भागात पाणी काढायला चर खणले, आणि तिथली झाडं जगली. शाळेत भेटायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचंच खरं निघालं वं." मला किती गोड लागलं असेल ते. पण चर त्यांनी खणले ते उंच अंगाला, जिथे माती आधीच मुरमाड होती, पाणी न धरणारी. तिथली झाडं तशीही जगली असती की काय, हे विचारायला हवं होतं. खोलगट काळ्या मातीत चर खणून पाहायला हवे होते. ते कुणी पाहिलं नाही. मी हे बागाईतदारांना बोलले, तर त्यांनी हात जोडले, "झाड हिरवं हाय, आणखीन काय पायजे?"

फोटोखाली उभी असताना वाटत होतं, माइक ओढून सांगावं की रोग बुरशीचा नव्हता, या बाईने मुळं आधी पाण्याने कुजलेली पाहिली होती. नाही सांगितलं. भिडेपोटी नव्हे, भीड मला कधीच नव्हती. हे पत्रही कुठे धाडणार, दुपारी चुलीत घालीन. पण इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आले की माझं बरोबर होतं, आणि ते मला माहीत नाही, सर. ते ठरवायला माझ्याशी भांडणारं कुणीतरी लागत होतं, आणि तसे तुम्हीच होता.