सकाळच्या माइकचा सूड

११ जानेवारी १९९३, सोमवार
आजपासून सकाळच्या बातम्या मी वाचत नाही. सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. माझा माइक कर्टिस ब्यार्नसनला दिला. कर्टिस! जो 'फेब्रुवारी' म्हणताना एक अक्षर गिळतो. मला दुपारी सव्वाबाराची पाच मिनिटं: 'हरवलं-सापडलं'. कुत्री, मांजरं, हातमोजे.

कारण काय, तर गेल्या बुधवारी मी बंद शाळांची यादी आदल्या दिवशीची वाचली. दोन कागद होते, दोन्ही पांढरे. कुणाचंही झालं असतं. बाहेर उणे अडतीस, शाळा बंद, आणि मी सांगितलं, चालू आहेत. लूसियन डेजार्ले म्हणून सरोवरावर मासेमारी करणारा एक जण आहे, त्याची नऊ वर्षांची मुलगी बसची वाट बघत उभी राहिली आणि तिच्या कानाचं टोक गोठलं. फक्त टोक. बाकी कान शाबूत आहे, मी कर्टिसकडे चौकशी केली.

व्हर्ना थोरवाल्डसन, आमच्या रेडिओ स्टेशनच्या मॅनेजर, एवढंच म्हणाल्या, "ओरेस्ट, त्यांच्या घरी जाऊन ये." माइक काढून घ्यायचा आणि वर गृहपाठ द्यायचा!

ओरेस्ट पिधिर्नी हे विसरणार नाही. संकल्प: सूड. शिवाय रोज सकाळी धावणे.

१४ जानेवारी
योजना पक्की. व्हर्नाबाई २७ फेब्रुवारीला निवृत्त होतायत. कम्युनिटी हॉलमध्ये जेवण, झाडून सगळं गाव येणार. सदतीस वर्षांत बाईंनी एक तरी घोळ घातलाच असेल. तळघरात १९५५ पासूनच्या टेप आहेत. तो घोळ शोधायचा आणि भर हॉलमध्ये वाजवायचा. साउंड सिस्टिम सांभाळायला मीच आहे. बाईंनीच नेमलंय. बिचाऱ्या.

धावलो नाही. बर्फ.

१९ जानेवारी
चौदा टेप ऐकल्या. बाई प्रत्येक नाव बरोबर उच्चारतात. आइसलँडिक, युक्रेनियन, क्री आदिवासींची, सगळी. असं माणूस बोलतं का? १९६१ मध्ये एकदा शिंकल्यात. नोंद करून ठेवली.

दुपारी सापडलेल्या बकरीसाठी फोन नंबर सांगताना दोन आकडे उलटे झाले. सगळे फोन फादर कोस्तिव यांच्याकडे गेले. त्यात माझं काय चुकलं? अडचणीतल्या माणसानं फादरनाच फोन करायचा असतो. बाईंनी नवा नंबर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. टोमणा होता तो. मला टोमणे कळतात.

"डेजार्लेंकडे गेलास का?" जाता जाता बाईंनी विचारलं. म्हटलं, या आठवड्यात.

२८ जानेवारी
कर्टिसने सकाळी 'फेब्रुवारी'ची प्रॅक्टिस केली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकली. सुधारलाय. कुणीतरी शिकवतंय त्याला. कोण ते सांगायला नको.

दरम्यान पडशानं हैराण. तळघरातली धूळ. याचाही हिशेब बाईंच्या नावावर.

२ फेब्रुवारी
सापडलं!!

नोव्हेंबर १९५५. व्हर्नाबाई बावीस वर्षांच्या, नोकरीचा पहिला महिना. आवाज आनंदानं थरथरतोय: "ओलाफसन यांची बोट सापडली. तिघंही सुखरूप आहेत." पुढे तासभर गाणी. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. म्हणतो, मघाची बातमी चुकीची होती. बोट सापडली. माणसं सापडली नाहीत.

म्हणजे तासभर एका घरात दिवाळी आणि मग... आणि ही बाई मला कानाच्या टोकावरून बोलते!

तळघरात नाचलो. मग टेप पुन्हा लावली. दुसऱ्यांदा नाचलो नाही, कारण वर पाइप आहे, डोक्याला लागतो.

११ फेब्रुवारी, गुरुवार
पुराव्याला साक्षीदार हवा. ओलाफसनची बायको गुडरून अजून आहे, अडुसष्ट वर्षांची, चर्चमागच्या निळ्या घरात एकटीच राहते. टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. तिच्या तोंडून दोन कडू शब्द मिळाले की काम फत्ते.

म्हातारीनं कॉफी दिली, वर सुकलेल्या आलुबुखाराचा थरांचा केक. मी हळूच विषय काढला. त्या खोट्या बातमीबद्दल काय वाटतं तुम्हाला? राग आला असेल ना? खूप? अजूनही?

तिनं माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला. मग म्हणाली, "आला होता की. ती बातमी वाचणारी पोरगी त्याच संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. बर्फातून चालत. मी दार लावून घेतलं तिच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी आली, परत लावलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, ये बाई आत, गारठून मरशील, ते पाप आणखी नको माझ्या डोक्यावर."

"आणि मग?"

"मग काय? दर गुरुवारी येते. आज चारला येईल. थांबतोस?"

पावणेचार झाले होते. मी ताडकन उठलो. दाराशी म्हातारीनं माझा मफलर नीट केला आणि म्हणाली, "तो एक तास मला नवरा जास्त मिळाला, असं आता वाटतं कधीकधी. पण हे तिला सांगू नकोस हां. तिला वाटू दे वाईट."

हे रेकॉर्ड झालंय. पण आवाज खरखरतोय, वापरता येणार नाही. नुसती टेपच वाजवायची.

२० फेब्रुवारी
टेपची कॉपी कॅसेटवर काढली. लेबल लावलं: 'संगीत'. झोप नीट लागत नाही. उत्साहामुळे.

बाईंनी पुन्हा विचारलं, डेजार्लेंकडे गेलास का. म्हटलं, ते घरी नसतात. घर कुठेय हे अजून शोधायचंय, पण कोळी माणूस, सरोवरावरच असणार.

२७ फेब्रुवारी, शनिवार
(हॉलमधून आल्याबरोबर लिहितोय.)

दोनशे माणसं. कर्टिस सूत्रसंचालक, टाय लावून. मी मागे, मशीनपाशी, खिशात कॅसेट. ठरवलं होतं, बाईंचं भाषण संपून टाळ्या सुरू झाल्या की बटण दाबायचं.

बाई उठल्या. आभार नाहीत, काही नाही. म्हणाल्या, "पहिल्याच महिन्यात मी या गावाला एक खोटी बातमी दिली." आणि सगळी हकिगत सांगितली. बोट, तिघं, तो तास. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या: "ओरेस्टनं तळघरात महिनाभर घाम गाळून ती टेप शोधलीय. गुडरूनकडे जाऊन आला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. मी आजवर ती ऐकलेली नाही. धीर झाला नाही. लाव रे, ओरेस्ट."

दोनशे माना माझ्याकडे वळल्या.

लावली. दोनदा भलतंच बटण दाबलं. बावीस वर्षांच्या बाई बोलल्या आणि साठीच्या बाई उभ्या राहून ऐकत राहिल्या. गुडरूननं त्यांचा हात धरला होता. पुढच्या टेबलावरचे दोन म्हातारे कोळी टोप्या काढून बसले होते.

सूड पार पडला. कागदोपत्री तरी माझ्याच हातून. लोक येऊन पाठ थोपटत होते, "छान केलंस पोरा." फादर कोस्तिवसुद्धा.

कोट घेताना बाई शेजारी आल्या. मी आधीच म्हणून टाकलं, डेजार्लेंकडे जमलंच नाही जायला. त्या बटणं लावत म्हणाल्या, "पहिल्या संध्याकाळी गेले नसते ना, तर मीही कधीच गेले नसते. तुला तर आता सात आठवडे झाले. अवघड आहे."

रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ मार्च, सोमवार
निर्णय: जाणार. बाईंसाठी नाही. कर्टिसनं आजवर कुणाची माफी मागितलेली नाही, तेवढंच मी पुढे. दीड पानी भाषण तयार. 'एकंदर परिस्थितीचा विचार करता' अशी सुरुवात. आरशासमोर म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, माझ्याच.

तोच दिवस, संध्याकाळी सात
पत्ता पोस्टातल्या बाईनं दिला. पक्की सडक जिथं संपते तिथलं शेवटचं घर.

डेजार्लेनं दार उघडलं. आडव्या बांध्याचा माणूस, अंगाला माशांचा वास. मी नाव सांगितलं, कागद उघडला, 'एकंदर परि' इथपर्यंत आलो. त्यानं हात वर केला.

"किती वेळ उभी होती ती, माहितीये?"

म्हटलं, नाही. खरंच माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"चाळीस मिनिटं. रेडिओवर तू सांगितलंस बस येणार, म्हणून हलली नाही. उभा राहा तू इथं. चाळीस झाली की बोल, मी ऐकतो."

आणि दार लावून घेतलं.

उणे एकोणतीस. वारा सरोवरावरून. मी उभा राहिलो. खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. मुलगी टेबलाशी सूप पीत होती, तोंड माझ्याकडे. केस मागे बांधलेले. कान दिसत होता. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसती बघत राहिली, बाहेर काय उभं आहे ते.

आधी पायाची बोटं गेली. मग कान. पहिल्यांदा दुखतात, आणि मग दुखायचे थांबतात. ते थांबले तेव्हा मला भीती वाटली.

मी गाडीत जाऊन बसलो. हीटर लावला. घड्याळ बघितलं.

अकरा मिनिटं झाली होती.

ती अजून खिडकीत होती. मी गाडी मागे घेतली आणि घरी आलो.